‘कचरा’ नावाचा फोल्डर

चांगल्या वस्तूला चांगलं नाव द्यायचं नाही, हा नियम शिहातानं घातला होता आणि त्याला तसं कारणही होतं. त्याच्या आईची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली. हा तिसरा झाला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, बाई गं, तुझ्या पोरांना दृष्ट लागते, याचं नाव तरी असं ठेव की कुणी वळून बघणार नाही. म्हणून शिहाता. शिहाता म्हणजे मागून आणलेला. आपला भिकाजीच म्हणा ना. शाळेत पोरं चिडवायची, मासळीबाजारात बर्फाच्या पेट्या दुरुस्त करायला जायचा तिथे कोळी हसायचे. हा पठ्ठ्या म्हणायचा, "हसा लेको. जगलो ना मी?"

तर हाच नियम त्यानं गाण्यांना लावला. गाणी म्हणजे अजून गाणी न झालेली. शिहाता आणि त्याची होणारी बायको इनशिराह, दोघांना कॉम्प्युटरवर धून जुळवायचं वेड होतं. साखरपुडा होऊन दोन उन्हाळे गेले होते, घराची जमवाजमव चालली होती, आणि दर शुक्रवारी नमाज आटोपला की शिहाता अलेक्झांड्रियातल्या, म्हणजे आमच्या इस्कंदरियातल्या, मुहर्रम बेक भागात तिच्या घरी यायचा. दिवाणखान्यातल्या कॉम्प्युटरपुढे दोघं शेजारी बसायची, दार सताड उघडं, आणि इनशिराहची आई चहाचा ट्रे घेऊन उगाच चकरा मारायची. एक हेडफोन दोघांत वाटून घ्यायचा, एक कान याचा, एक कान तिचा. आईला तेही फार जवळ वाटायचं.

धून सुरू करायला काय लागतं? एक ठेका सापडला, एक आवाज गावला की झाली सुरुवात. पुरं करणं हेच अवघड. या दोघांनी आजवर एकही धून पुरी केलेली नव्हती. पण अर्धवट तुकडे ढिगानं, आणि ढीग झाला की रचावा लागतोच. जो तुकडा अगदी फसलेला, त्याचं नाव ‘मोती’, ‘सुलतान’, ‘पौर्णिमा’ असलं काहीतरी, आणि तो जायचा ‘तिजोरी’ नावाच्या फोल्डरमध्ये. ज्याचं काय करावं कळत नाही तो ‘उद्या बघू’मध्ये, तो फोल्डर सगळ्यांत जाडजूड. आणि ज्या तुकड्यावर दोघांचा जीव, त्याचं नाव ‘नासकं अंडं’, ‘गटाराचं पाणी’, ‘टकल्याचा कंगवा’. हे सगळे ‘कचरा’ नावाच्या फोल्डरमध्ये. तोच फोल्डर शिहाताच्या घरच्या लॅपटॉपवरही होता; इकडे काही टाकलं की तिकडे आपोआप दिसायचं. पण नावांची ही उलटी रीत दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. सांगितली की दृष्ट लागणार, हे शिहातानं बजावून ठेवलं होतं, आणि इनशिराह हसत हसत का होईना, पाळत होती.

कचऱ्यातलं रत्न म्हणजे ‘फाटकी चप्पल’. इनशिराहचे वडील मितवल्ली न्हावी. त्यांच्या दुकानातल्या केस कापायच्या मशीनची घरघर तिनं फोनवर टिपली, ताणली, पिळली, वर चढवली, आणि त्यातून सनईसारखा एक असा रडका-हसरा आवाज काढला की शिहातानं तो लागोपाठ तीनदा लावायला लावला. लग्नाच्या दिवशी मांडवात शिरायचं ते याच धुनेवर, असं ठरलं होतं. फक्त शेवट जमत नव्हता. आणि लग्न आता ईदनंतरच्या गुरुवारी, म्हणजे तोंडावर आलं होतं.

त्यातच शेजारच्या गल्लीतलं लग्न आलं. दिव्यांच्या माळा, फळ्यांचं स्टेज, माणसाच्या उंचीचे स्पीकर, आणि त्यामागे बुंदुक. बुंदुक हा आमच्या भागातला लग्नात गाणी वाजवणारा. याच्याशिवाय मुहर्रम बेकमध्ये कुणाचं वाजत नाही आणि कुणाचं नाचणं होत नाही. संध्याकाळ चढली होती. इनशिराह आणि शिहाता कडेला उभं राहून सरबत पीत होती. आणि स्पीकरमधून बापाच्या मशीनची घरघर आली.

आधी तिला वाटलं, भास. मग सनई चढली. त्यावर कुणा गड्याचा खरखरीत आवाज चढवलेला, मैत्रीतल्या दग्याबद्दल तो काहीतरी ओरडत होता, पण खाली तिचीच ‘फाटकी चप्पल’ होती, तिनंच एक ठोका मुद्दाम लंगडा ठेवला होता, तोसुद्धा तसाच. सारी गल्ली त्यावर नाचत होती. नवऱ्या मुलाचा काका काठी फिरवत होता. इनशिराहनं सरबताचा पेला खाली ठेवला.

तिनं शिहाताकडे पाहिलं. तो खाली, स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"गर्दी फार झाली," तो म्हणाला. "निघू या का?"

झालं. तिच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. अरे, आपली धून परक्याच्या स्टेजवर वाजतेय आणि हा माणूस गर्दीचं बोलतोय? ऐकलं नाही म्हणावं तर याच्या कानाला बर्फाच्या पेटीतली सुईएवढी गळती ऐकू येते. ऐकलं आणि गप्प बसला. का बसला?

घरी येऊन तिनं हिशोबानं विचार केला. चोर बाहेरचा असता तर काय उचललं असतं? ‘तिजोरी’ उघडली असती, ‘मोती’ नेलं असतं, आणि घरी जाऊन कपाळाला हात लावला असता. ‘कचरा’ उघडून त्यातली ‘फाटकी चप्पल’ उचलणारा म्हणजे रीत माहीत असलेलाच हवा. रीत दोघांना माहीत. त्यातली एक ती स्वतः. घरातल्यांचं म्हणाल तर आईला कॉम्प्युटर म्हणजे पुसायची वस्तू, आणि बाबा त्यावर दुपारी पत्ते खेळायचे, तेही अर्ध्या डावात पेंगायचे. मग उरलं कोण? कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय.

विचारून टाकायचं, असं कुणीही म्हणेल. तिनंही स्वतःला तसं म्हटलं. पण विचारलं तर तो नाही म्हणणार. नाही म्हणाला की ती त्याच्या डोळ्यांकडे बघून विश्वास ठेवणार. आणि जन्मभर नवऱ्यावर असा अर्धामुर्धा विश्वास ठेवून राहायचं तिला नको होतं. एकदा तिच्या मावशीनं तसं केलं होतं. मावशीचे केस तिशीतच पिकले.

आणि संशय एकदा घरात घेतला की तो पाहुण्यासारखा राहत नाही, मालक होतो. आता शिहाताची प्रत्येक गोष्ट तिला खुपायला लागली. एकदा दोघं मायक्रोबसनं समुद्राकडे चालली होती. ड्रायव्हरनं गाणं लावलं, तेच, खरखरीत आवाजाचं. शिहाता पुढे झुकला.

"उस्ताद, दुसरं काही लाव की. डोकं उठलंय."

"अहो साहेब, सगळं इस्कंदरिया नाचतंय यावर," ड्रायव्हर म्हणाला.

"नाचू दे. माझं डोकं नाचत नाही."

गाणं बदललं. इनशिराह खिडकीबाहेर बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं, ती मनात म्हणाली. थोड्या वेळानं शिहातानं विषय काढला, तोही असा आडून आडून. लाडात आला की तो तिला शूशू म्हणायचा.

"शूशू, तुला काही कमी पडतंय का गं?"

"कशाचं?"

"कशाचंही. घरात सगळं ठीक ना? काही लागलं तर मला सांगायचं. दुसरीकडे कुठे जायचं नाही. कळलं?"

"मला काय लागणार?"

"नाही, सहज म्हटलं."

सहज! बोलण्यात एवढं लोणी कधीपासून आलं याच्या? पाप केलेला माणूस आधी दुसऱ्याची विचारपूस करतो, हे तिला ती नोकरी करायची त्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकं बघून बघून माहीत झालं होतं. फ्रेम मोडणारं गिऱ्हाईक आधी तुमच्या आईची तब्येत विचारतं.

मग शेगडी आली. पाच बर्नरची, काचेच्या झाकणाची, खाली भट्टी असलेली. नव्या घरासाठी शेगडी पुढच्या हिवाळ्यापर्यंत जमायची नाही, असं तोच म्हणत होता. आता एका सकाळी टेम्पोतून उतरवली.

"कुठून आणलीस?" तिनं विचारलं.

"दुकानातून."

"ते कळलं. जमलं कसं?"

"उन्हाळा आहे. बाजारातल्या पेट्या धडाधड बंद पडतायत. रात्रंदिवस काम करतोय." त्यानं झाकण उघडून दाखवलं. "आवडली ना? आता तुला कशाची काळजी करायला नको."

इनशिराहनं काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाली, छान आहे. तिच्या मनात मात्र एकच: माझ्या बापाच्या मशीनवर शेगडी घेतलीस, आता त्यावर मलाच भात रांधायला लावणार आहेस.

तिनं बुंदुकला गाठलं. तो आपल्या स्पीकरांच्या गोडाऊनमध्ये वायरी गुंडाळत होता. तिनं सरळ विचारलं, ती धून तुला कुणी दिली. बुंदुक हसला, तोंडातली सूर्यफुलाची टरफलं थुंकली.

"कोळी जाळं कुठे टाकलं ते सांगतो का, ताई?"

"धून माझी आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर सांगत नाही. देणाऱ्यानं शपथ घातलीय, तुला कळता कामा नये म्हणून." तो पुन्हा वायरींकडे वळला. "परकं कुणी नाही, एवढं सांगतो. आणि रागावू नकोस, तुझ्या भल्याचंच आहे."

परकं कुणी नाही! मग आता आणखी काय ऐकायचं राहिलं? तरी इनशिराह न्यायानं चालणारी मुलगी होती. म्हणाली, एकदा पुरावा मिळू दे, मग बोलू. तिनं पिंजरा लावायचं ठरवलं.

नवी धून तिनं चार दिवस खपून केली. काचेच्या चहाच्या पेल्यावर चमचा वाजवून त्याचा ठेका बांधला, किणकिण किणकिण, मध्येच एक दचकवणारी गप्प जागा. लावायचा होता पिंजरा, पण हात कलावंताचा. पिंजऱ्यातलं खोबरंही तिनं खमंगच केलं. धून खरंच फक्कड झाली. नाव ठेवलं ‘मेलेली मांजर’. ‘कचरा’मध्ये टाकली आणि शिहाताला फोन केला.

"आजवरचं सगळ्यांत चांगलं आहे," ती म्हणाली. "ऐक."

त्यानं ऐकलं आणि परत फोन केला. आवाज कातर होता.

"शूशू, हे फार भारी आहे. ती मधली गप्प जागा..." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "हे तरी आपल्यापाशी ठेवू या. हं?"

हे तरी! म्हणजे ते दुसरं ठेवलं नाहीस, हे तूच कबूल केलंस की. तिनं फोन ठेवला. तरी वाट बघायची ठरली होती, म्हणून तिनं वाट बघितली. आणि खरं सांगायचं तर ती रोज संध्याकाळी देवाला विनवत होती, मांजर पिंजऱ्यातच राहू दे, कुणाला खाऊ देऊ नको. तिला तो हवा होता हो. भांडखोर पोरगी होती, पण त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाशी भांडायची तिला इच्छा नव्हती.

एका दुपारी ती दुकानात एका म्हाताऱ्या बाईंच्या नाकावर चष्मा बसवत होती. बाहेरून एक टुकटुक रिक्षा गेली, मागे बांधलेल्या स्पीकरमधून किणकिण किणकिण, मग ती दचकवणारी गप्प जागा, मग पुन्हा किणकिण. वर तोच खरखरीत आवाज.

"मुली, लक्ष कुठे आहे तुझं?" म्हातारी म्हणाली. "डोळ्यात खुपसशील काडी."

शुक्रवारी शिहाता तिच्याकडे यायला निघण्याआधी तिनंच त्याला गाठलं. साखरपुड्याचं सोनं, एक अंगठी आणि एक गोठ, मखमली डबीत घालून ती त्याच्या घरी पोचली. दार त्याच्या आईनं, हाज्जा सनिय्यांनी उघडलं. मागे शिहाता धुतलेला शर्ट घालून निघायच्या तयारीत होता. इनशिराहनं डबी टेबलावर ठेवली.

"हे काय?" शिहाता म्हणाला.

"तुमचं तुम्हाला परत."

"माझ्याकडून काय झालं, ते तरी सांग."

"मी सांगू? चप्पल विकलीस, मांजर विकलीस. आता काय, मलाही विकायचं ठेवलं होतंस?"

 शिहाताच्या चेहऱ्यावर असं काही आलं की तो राग नव्हता, भीती नव्हती. इनशिराहला ते ओळखू आलं नाही आणि ओळखायला ती थांबलीही नाही. पकडलेल्या माणसाचा चेहरा असाच होतो, असं तिनं ठरवून टाकलं. हाज्जा सनिय्यांनी डबी उचलली, झाकण घट्ट लावलं.

"सोनं असं उघड्यावर टाकू नये," त्या म्हणाल्या. "माणसंही टाकू नयेत, पण ते तुझ्या आईनं शिकवायचं होतं."

जिन्यात तिला मागून हाक ऐकू आली. एकदा, दोनदा. ती उतरतच राहिली, आणि ट्राममध्ये बसल्यावर त्याचा नंबर बंद करून टाकला.

घरी आई ढसाढसा रडली. लोकांना काय सांगायचं, मांडवाचं सांगून ठेवलंय, चुलत्यांना तिकडे तांता गावी कळवलंय. इनशिराहनं कारण सांगितलं नाही. कारण सांगायचं म्हणजे आपण कसल्या माणसावर जीव टाकला होता ते सांगायचं, आणि तेवढं बळ तिच्यात नव्हतं. मितवल्लींनी एक दिवस जाऊ दिला. तिसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, तिला बोलावून घेतलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं.

"पोरी, तुझी आई म्हणते स्वभाव जुळला नाही. मी न्हावी आहे. माणसाचं डोकं हातात घेतलं की आत काय चाललंय ते मला कळतं. खरं सांग."

आरशात बापाचा चेहरा दिसत होता. तिनं सांगितलं. शिहातानं आपल्या धुना चोरून बुंदुकला दिल्या, आधी एक, मग दुसरी. आपण पिंजरा लावून पकडला.

मितवल्लींच्या हातात वस्तरा पुसायचं फडकं होतं. ते पुसायचं थांबले.

"कुठल्या धुना?"

"नावं सांगून तुम्हाला काय कळणार, बाबा?"

"सांग तर."

"फाटकी चप्पल. आणि मेलेली मांजर."

म्हातारा बाकावर बसला. 

"पण ते तर टाकलेलं होतं," तो म्हणाला. "तूच कचरा म्हणून लिहून ठेवलं होतंस."

इनशिराह खुर्चीसकट वळली.

"बुंदुक दाढीला येतो ना माझ्याकडे," मितवल्ली सांगू लागले. "म्हणाला, हाजी, तुमची मुलगी धुना करते म्हणे. काही टाकाऊ पडलंय का? मला ठेका लागतो नुसता. म्हटलं, मुलीच्या वस्तूला हात लावणार नाही. तो म्हणाला, चांगल्याला नका लावू, फेकलेलं असेल त्यातलं द्या, आणि मी तिच्या लग्नात तिच्याच आवाजांवर सारी रात्र वाजवीन, तिला पत्ता लागू देऊ नका, बघा कशी उडी मारते. पेन ड्राइव्हवर कसं घ्यायचं तेही त्यानंच शिकवलं." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी ‘तिजोरी’ उघडलीसुद्धा नाही, पोरी. ‘मोती’ला, ‘सुलतान’ला बोट लावलं नाही. म्हटलं, हे तिचं जपून ठेवलेलं आहे. कचऱ्यातलंच घेतलं. त्यातही सगळ्यांत वाईट नावाचं शोधून घेतलं, तुझं नुकसान नको म्हणून. आणि मग त्या लग्नात माझं मशीन वाजलं ना, सारी गल्ली माझ्या मशीनवर नाचली..."

 काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आणि आता रागवायचं कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. इनशिराहनं बापाच्या डोक्यावरून हात फिरवला, जसा तो गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून फिरवायचा, आणि म्हणाली, "बाबा, तुमचं काही चुकलं नाही. घरी जाऊन झोपा जरा." आणि तशीच, दुकानातल्या चपला घालून, ती ट्रामकडे पळाली.

शिहाता आपल्या घराच्या गच्चीवर होता. पत्र्याच्या सावलीत कुणाचा तरी फ्रिज उताणा पाडून त्याच्या पोटात हात घालून बसला होता. तिला पाहून उठला नाही. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, बापाचं, बुंदुकचं, कचऱ्याचं.  शिहाता ऐकत होता, पाना फिरवत होता.

"आता कळलं ते," तो शेवटी म्हणाला. "तू परवा जिन्यात थांबली असतीस तर अर्धं तिथेच कळलं असतं."

"कसलं अर्धं?"

"मी ती चप्पल तुझ्याआधी ऐकली होती. बाजारात, त्या लग्नाच्या किती तरी आधी. म्हटलं, चपलेचं मोल जगात दोघांना ठाऊक. त्यातला एक मी. मी दिली नाही." त्यानं पाना खाली ठेवला. "मग दुसरं कोण?"

इनशिराहला कळायला क्षणभर लागला. मग तिचं डोकं तापलं. एवढं सगळं होऊनही तापलं.

"म्हणजे तुला वाटलं मी विकली? तू मला चोर समजत होतास, आणि दर शुक्रवारी आमच्या घरी बसून माझ्या आईचा चहा पीत होतास?"

"हो."

"विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू एक तर खोटं बोलली असतीस, नाही तर खरं. मला दोन्ही नको होतं. म्हटलं, हिला काहीतरी कमी पडलं असेल आणि मला सांगायची लाज वाटली असेल. घर मांडायचं म्हणून केलं असेल. मग मी जास्त काम धरलं." तो तिच्याकडे बघून बोलत होता, आवाज चढला नव्हता. "तुला वाटलं आणि तू सोनं परत केलंस. मला वाटलं आणि मी शेगडी घेतली."

गच्चीवरच्या खुराड्यात कबुतरं घुमत होती. इनशिराह पालथ्या बादलीवर टेकली.  ‘दुसरीकडे कुठे जायचं नाही.’ ‘हे तरी आपल्यापाशी ठेवू या.’ एकेक वाक्य परत येत होतं आणि एकेक तोंडात मारत होतं.

"सोनं दे परत," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"माझ्याकडे नाही. आईकडे आहे."

"तू बोल ना त्यांच्याशी."

"मी नाही बोलणार. परत करताना मला मध्ये घेतलं होतंस का? आता तू आणि ती."

ती खाली गेली. हाज्जा सनिय्या स्वयंपाकघरात वांग्याचे काप तळत होत्या. पाठमोऱ्याच राहिल्या.

"हाज्जा, मी चुकले."

"चुकलीस. पुढे?"

"सोनं परत मागायला आलेय."

तेलात चार काप पडले, तडतडले. हाज्जांनी ते उलटले, एकेक करून कागदावर काढले.

"सोनं काय, कपाटात आहे. पळून जात नाही," त्या म्हणाल्या. "माझा पोरगा शुक्रवारपासून जेवलेला नाही. मी वाढलं, नाही म्हणाला. धाकट्या बहिणीनं वाढलं, नाही म्हणाला. हे ताट घेऊन वर जा. त्यानं खाल्लं तर कपाट उघडीन. नाही खाल्लं तर तुझ्या चपला दाराशीच आहेत."

इनशिराहनं ताट घेतलं. वांगी, भाकरी, तिळाच्या ताहिनीची वाटी, कांद्याची फोड. जिना चढताना भाकरी दोनदा घसरली. गच्चीवर शिहाता परत फ्रिजच्या पोटात शिरला होता, हात कोपरापर्यंत काळे. ती त्याच्यापुढे ताट धरून उभी राहिली.

"खाशील का?" तिनं विचारलं.

त्यानं ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कुणी रांधलंय?"

"तुझ्या आईनं."

"मग खायला हरकत नाही," तो म्हणाला, आणि हात धुवायला उठला.